ओळखीचा, तरी दारात अडवला!

शरीराची शाळा

मुलांनो,

१४ नोव्हेंबर हा कोणता दिवस, असं विचारलं तर तुम्ही सगळे एका सुरात ओरडाल, "बालदिन!" अगदी बरोबर. पण याच दिवशी जगभर आणखी एक दिवस पाळला जातो. तो म्हणजे जागतिक मधुमेह दिन. कॅनडातले डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. इन्सुलिन शोधून काढणाऱ्या मंडळींपैकी ते एक. त्यांचा वाढदिवस म्हणून हा दिवस निवडला. बालदिन आणि मधुमेह दिन एकाच तारखेला यावेत हा योगायोग खरा, पण मला तो मोठा अर्थपूर्ण वाटतो. कारण मधुमेह हा काही फक्त आजी-आजोबांचा आजार नाही. त्याचा एक प्रकार तुमच्या-आमच्या घरातल्या, वर्गातल्या लहान मुलांनाही होतो. आज त्याच प्रकाराबद्दल बोलायचं आहे.

आणि आजचं कोडं असं: इन्सुलिन हे आपल्या शरीरातच तयार होणारं रसायन. ज्यांच्या शरीरात ते बनत नाही त्यांना ते बाहेरून द्यावं लागतं. शास्त्रज्ञांनी एक छोटासा पंप बनवला, तो पोटाच्या कातडीखाली बसवला, त्यात अगदी माणसाचंच इन्सुलिन भरलं. सगळं कसं छान जमलं होतं! पण काही रुग्णांच्या शरीरानं त्या इन्सुलिनलाच परकं ठरवलं आणि त्याच्याविरुद्ध फौज उभी केली. आपल्याच घरचा माणूस, आणि दारात अडवला! असं का बरं झालं असेल?

चला, एकेक पायरी चढत जाऊ.

किल्ली हरवलेलं घर

तुम्ही सकाळी भाकरी खाता, दुपारी डब्यातली पोळी-भाजी, रात्री वरणभात. त्यातल्या पिठूळ पदार्थांची पोटात गेल्यावर एक प्रकारची साखर होते. तिचं नाव ग्लुकोज. ही साखर रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते. आपल्या स्नायूंच्या पेशींना तिच्यातून शक्ती मिळते. पण पेशीचं दार तिच्यासाठी आपोआप उघडत नाही. त्याला किल्ली लागते. ती किल्ली म्हणजे इन्सुलिन.

ही किल्ली बनवण्याचा कारखाना पोटात, जठराच्या मागच्या बाजूला आहे. त्याला स्वादुपिंड म्हणतात. त्यातल्या बीटा नावाच्या पेशी इन्सुलिन तयार करतात.

आता लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहात काय होतं? त्याला डॉक्टर टाइप १ असं म्हणतात. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते ना? तीच फौज चुकून या बीटा पेशींवर तुटून पडते आणि त्यांचा नाश करते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातली गत! कारखानाच बंद पडल्यावर किल्ली कुठून येणार? साखर रक्तात नुसती साचत राहते आणि पेशी मात्र उपाशी.

मग इन्सुलिनची गोळी का नाही घ्यायची? कारण इन्सुलिन हे प्रथिन आहे. डाळीतलं, दुधातलं प्रथिन जसं पोटात पचून जातं, तसं तेही पचून जाईल. म्हणून ते सुईनंच द्यावं लागतं, तेही रोज आणि बहुतेकांना दिवसातून अनेकदा.

शिपाईमामांची नजर

आता त्या फौजेकडे वळू. तिचं काम शाळेच्या फाटकावरच्या शिपाईमामांसारखं असतं. कोण आपलं, कोण परकं, हे ओळखायचं. आपल्याला आत सोडायचं, परक्याला अडवायचं.

पण मामा ओळखतात कशावरून? त्यांना काही प्रत्येक मुलाचं नाव-गाव पाठ नसतं. ते गणवेश बघतात, चेहरा बघतात. शरीराची फौजसुद्धा तशीच. तिला नावं वाचता येत नाहीत. ती फक्त आकार बघते. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण आपल्या कोड्याचं उत्तर यातच दडलेलं आहे: शरीर नावावरून नाही, आकारावरून ओळखतं.

एखादा आकार परका वाटला, की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्याच्या मापाचे चिमटे बनवतात. दिसायला इंग्रजी वाय अक्षरासारखे, दोन हात असलेले. या चिमट्यांना म्हणतात प्रतिद्रव्य. डॉक्टरकाका अँटिबॉडी म्हणतात तेच. लस टोचल्यावर शरीरात हेच चिमटे तयार होतात आणि पुढे खरा रोगजंतू आला की त्याला गच्च धरतात. म्हणजे फौज आपली मैत्रीणच आहे हं. तिच्यावाचून आपण साध्या सर्दीपडशातूनही उठणार नाही. फक्त कधीकधी तिची ओळखण्यात गफलत होते.

लिओनार्डचं पहिलं इंजेक्शन

ही गफलत किती जुनी आहे, माहीत आहे? इन्सुलिनइतकीच!

कॅनडातल्या टोरांटो शहरात १९२१ साली बँटिंग आणि त्यांचा तरुण मदतनीस चार्ल्स बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. प्राध्यापक मॅकलाउड यांच्या प्रयोगशाळेत हे काम चाललं होतं. ११ जानेवारी १९२२ या दिवशी तो अर्क पहिल्यांदा एका मुलाला टोचला. त्याचं नाव लिओनार्ड थॉम्प्सन, वय वर्षं १४. म्हणजे तुमच्यातल्या आठवी-नववीच्या मुलांएवढा. आणि वजन? ३० किलोसुद्धा भरत नव्हतं! त्या काळी टाइप १ मधुमेहावर औषधच नव्हतं. मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे जास्त दिवस जगवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं.

पण पहिल्या इंजेक्शनानं फारसं काही साधलं नाही. साखर थोडीशी उतरली, आणि सुई टोचली तिथे गळू मात्र झालं. अर्कात इन्सुलिनबरोबर बराच गाळ होता. शरीराच्या फौजेला तो खपला नाही. इंजेक्शनं थांबवावी लागली.

मग जेम्स कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं दिवसरात्र खपून तो अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला लिओनार्डला पुन्हा इंजेक्शन दिलं. या वेळी साखर भराभर उतरली. मुलगा हिंडूफिरू लागला. पुढे तो आणखी तेरा वर्षं जगला. मरण दारात उभं असलेल्या मुलाला मिळालेली तेरा वर्षं! पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, बँटिंग आणि मॅकलाउड यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी आपापल्या रकमेतला वाटा बेस्ट आणि कॉलिपना दिला.

पहिला धडा काय मिळाला? औषध नुसतं बरोबर असून भागत नाही, ते निर्मळही असावं लागतं.

५१ मण्यांची माळ

त्यानंतर साठ वर्षं मधुमेहाचे रुग्ण गाई-बैलांचं आणि डुकरांचं इन्सुलिन टोचून घेत होते. ते चालायचं कसं? कारण ते आपल्या इन्सुलिनशी जवळजवळ तंतोतंत जुळतं.

इन्सुलिन म्हणजे अमिनो आम्लांच्या ५१ मण्यांची माळ समजा. दोन पदर आहेत तिला, एक २१ मण्यांचा आणि दुसरा ३० मण्यांचा. माणसाची माळ आणि डुकराची माळ शेजारी ठेवली, तर फरक फक्त एका मण्याचा. गाईच्या माळेत तीन मण्यांचा.

एका मण्यानं असा काय फरक पडणार, असं वाटतं ना? 'पाटी' या शब्दातलं एकच अक्षर बदला. 'पाणी' होतं, 'पाती' होतं, 'पाळी' होतं. इन्सुलिनची किल्ली एका मण्याच्या फरकानं बिघडली नाही, कुलूप उघडतच राहिलं. पण फाटकावरच्या मामांना काही वेळा संशय आला. काही रुग्णांना टोचल्याजागी खाज सुटे, लालसर गांधी उठे. पुष्कळांच्या रक्तात इन्सुलिनला धरणारे चिमटे तयार होत. गाईच्या इन्सुलिननं जास्त, डुकराच्या इन्सुलिननं कमी. म्हणजे मणी जितके वेगळे, तितका संशय मोठा.

संपादकांना न पटलेला शब्द

हे चिमटे सापडले कसे, याची एक मजेदार गोष्ट आहे.

न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्स भागातल्या एका सरकारी इस्पितळात सॉलोमन बर्सन नावाचे डॉक्टर आणि रोझॅलिन यॅलो नावाच्या पदार्थविज्ञानाच्या शास्त्रज्ञ मिळून काम करत. त्यांनी इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीनची खूण जोडली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी तशी! म्हणजे ते रक्तात किती वेळ राहतं, हे मोजता येईल. हे खूण केलेलं इन्सुलिन त्यांनी दोन गटांना दिलं. एक, आधी कधीच इन्सुलिन न घेतलेले. दुसरा, इन्सुलिन घेत असलेले. दुसऱ्या गटाच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळलं. का? कारण रक्तातल्या चिमट्यांनी त्याला धरून ठेवलं होतं.

त्यांनी हे लिहून नियतकालिकाकडे पाठवलं. पण 'अँटिबॉडी' हा शब्द संपादकांना काही केल्या पटेना. इन्सुलिनसारख्या एवढ्याशा कणाविरुद्ध प्रतिद्रव्य तयार होऊच शकत नाही, असा तेव्हाचा समज! शेवटी शीर्षकातून तो शब्द गाळला तेव्हा कुठे १९५६ मध्ये लेख छापून आला. पुढे त्या दोघांनी या चिमट्यांनाच कामाला लावलं. चिमटे किती इन्सुलिन धरतात यावरून रक्तातलं अगदी कणभर इन्सुलिनसुद्धा मोजण्याची पद्धत त्यांनी शोधली. त्याबद्दल १९७७ मध्ये यॅलोबाईंना नोबेल पारितोषिक मिळालं. बर्सन १९७२ मध्येच वारले होते, आणि मृत्यूनंतर नोबेल देत नाहीत. समारंभाच्या व्याख्यानात यॅलोबाईंनी ते जुनं नकाराचं पत्रही सगळ्या जगाला दाखवलं!

पॉलिशच्या डबीएवढा पंप

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक भन्नाट युक्ती केली. माणसाच्या इन्सुलिनचा नकाशा त्यांनी साध्या जिवाणूंच्या पोटात घातला आणि त्यांच्याकडून माणसाच्या इन्सुलिनचे पदर बनवून घेतले. १९८२ पासून असं इन्सुलिन बाजारात येऊ लागलं. मण्याला मणी, अगदी आपल्यासारखं! आता तरी फौजेची तक्रार संपली, असं अनेकांना वाटलं. तक्रार कमी झाली खरी. पण संपली मात्र नाही.

याच सुमाराला दुसरीकडे इंजिनियर मंडळी एका यंत्राच्या मागे लागली होती. दिवसातून अनेकदा सुई टोचण्यापेक्षा शरीरातच एक पंप बसवला तर? अमेरिकेत बाल्टिमोर इथल्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत असा एक पंप बनला. उपग्रहांसाठी विकसित झालेलं तंत्रज्ञान त्यात वापरलं होतं. १९८६ मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाच्या शरीरात बसवला. पुढे असे पंप सगळ्यांत जास्त वापरले गेले ते फ्रान्समध्ये. तिथल्या मोंपेलिए शहरातल्या डॉक्टरांनी त्यावर खूप काम केलं.

कसा दिसायचा हा पंप? बुटाच्या पॉलिशची डबी असते ना, साधारण तेवढा, तसाच गोल आणि चपटा. टायटॅनियम या धातूचा. शस्त्रक्रिया करून तो पोटाच्या कातडीखाली बसवायचा. त्यातून एक बारीक नळी निघून पोटाच्या पोकळीत, म्हणजे आतड्यांच्या भोवतालच्या जागेत उतरायची. दर दीड ते तीन महिन्यांनी डॉक्टर कातडीतून सुई घालून त्यात नवं इन्सुलिन भरायचे. जेवायच्या वेळी हातातल्या छोट्या यंत्रावरची बटणं दाबली, की आतला पंप जास्तीचं इन्सुलिन सोडायचा. टीव्हीचा रिमोट असतो तसंच!

याचा मोठा फायदा असा की पोटाच्या पोकळीतलं इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि बरंचसं आधी यकृताकडे जातं. आपल्या स्वादुपिंडातलं इन्सुलिनही आधी यकृतातच जातं. म्हणजे निसर्गाचीच वाट! अनेक रुग्णांची साखर छान आटोक्यात आली. साखर एकदम खूप उतरून बेशुद्ध होण्याचे प्रसंगही कमी झाले.

मग गफलत कुठे झाली?

आणि तरीसुद्धा काही रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनविरुद्धचे चिमटे वाढू लागले. इंजेक्शन घेताना नव्हते एवढे! मणी तर सगळे बरोबर होते. मग?

शास्त्रज्ञांचा मुख्य संशय तीन गोष्टींवर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ऊब. इन्सुलिनची बाटली आपण थंड ठेवतो. पंपातलं इन्सुलिन मात्र शरीराच्या ३७ अंश उष्णतेत आठवडेच्या आठवडे पडून असतं. शिवाय माणूस चालतो, धावतो, जिना चढतो, तेव्हा ते आत हिंदकळतं. धातूला आणि नळीला घासतं. त्यामुळे इन्सुलिनचे काही कण आपली मूळ घडी मोडतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. उन्हाळ्यात दूध बाहेर राहिलं की नासतं, त्यात कण धरतात, पाहिलंय ना? कारण वेगळं असलं तरी चित्र तसंच. दूध तेच, पण त्याचं रूप बदललं.

आणि आपण काय लक्षात ठेवलं होतं? शरीर आकारावरून ओळखतं! आपल्याच शाळेचा एकटा मुलगा आला तर मामा त्याला हसत आत सोडतील. पण गणवेश चुरगळलेला, तोंड माखलेलं, अशी दहा-पंधरा मुलं एकमेकांचे हात गच्च धरून झुंडीनं फाटकावर धडकली, तर मामा शिट्टी फुंकणारच. चिकटलेल्या कणांचे गठ्ठे फौजेच्या नजरेत असेच चटकन भरतात.

दुसरी गोष्ट, जागा. पोटाच्या पोकळीत कुठलाही जंतू शिरला तर ते जिवावर बेततं. म्हणून निसर्गानं तिथे गस्त कडक ठेवली आहे. परकं दिसेल ते गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी तिथे भरपूर असतात. नेमक्या त्यांच्यासमोरच नळीचं तोंड उघडतं. काही वेळा तर त्या नळीच्या टोकाभोवतीही शरीर पेशींचं आवरण विणतं आणि नळीच बुजते.

तिसरी गोष्ट, जुनं वैर. टाइप १ च्या रुग्णाची फौज आधीच इन्सुलिनच्या कारखान्यावर रागावलेली असते. यातल्या काही मुलांच्या रक्तात पहिलं इंजेक्शन घेण्याच्याही आधी इन्सुलिनविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडतात, हे १९८३ मध्ये कळलं. एकदा मनात संशय बसला की तो लवकर जात नाही, नाही का?

पाटीचा स्पंज

बरं, चिमटे झाले तर झाले. त्यानं बिघडतं काय?

पुष्कळांचं काहीच बिघडत नाही. तपासणीत चिमटे वाढलेले दिसतात, पण साखर ठीक असते. काही थोड्यांना मात्र फार त्रास होतो. तो समजायला पाटी पुसायचा स्पंज आठवा. कोरड्या स्पंजावर पाणी ओतलं तर पाटीवर थेंबही उतरत नाही. सगळं पाणी स्पंज पिऊन टाकतो. आणि मग नको तेव्हा, दप्तरात दाबला गेला की टपटप गळून वह्या भिजवतो!

रक्तात चिमटे फार झाले की तसंच होतं. रुग्ण जेवतो, पंप इन्सुलिन सोडतो, पण चिमटे ते मधल्यामधे धरून ठेवतात. जेवणानंतर साखर वाढतच जाते. मग रात्री, पोटात अन्न नसताना, हेच चिमटे धरलेलं इन्सुलिन हळूहळू सोडू लागतात. पहाटे झोपेत साखर धोकादायक खाली उतरते. म्हणजे हवं तेव्हा नाही आणि नको तेव्हा भरपूर! अशा रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांना रक्त तपासून इन्सुलिनची मात्रा आणि वेळा पुन्हा बसवाव्या लागतात. काही वेळा उपचाराची पद्धतच बदलावी लागते.

इन्सुलिनचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून शास्त्रज्ञांनी पंपाच्या इन्सुलिनमध्ये एक साबणासारख्या गुणाचा पदार्थ घालून पाहिला. त्यानं पुष्कळ फरक पडला. पण प्रश्न मुळातून सुटला नाही. जो पंप सगळ्यांत जास्त वापरला गेला तो बनवणं आता कंपनीनं थांबवलं आहे. पण म्हणून ते काम वाया गेलं का? मुळीच नाही. या पंपांनी एक गोष्ट शिकवली. यंत्र कितीही हुशार असो, त्याच्या पोटातलं औषध ताजं आणि आपल्या मूळ आकारात राहिलं पाहिजे. नवे पंप आणि जास्त टिकाऊ इन्सुलिन बनवणारे लोक आज हाच धडा गिरवत आहेत. तुम्ही आज कुणाच्या कमरेला किंवा दंडावर इन्सुलिनचा पंप पाहिला, तर तो वेगळा. तो शरीराबाहेर असतो, कातडीखाली बारीकशी नळी सोडतो आणि त्यातलं इन्सुलिन काही दिवसांतच बदललं जातं.

आपल्या घरातली बाटली

हे सगळं दूरदेशीचं झालं. पण इन्सुलिनचा आकार बिघडायला पोटातला पंपच लागतो असं थोडंच आहे? आपला एप्रिल-मे पुरेसा आहे!

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर त्या बाटलीकडे लक्ष ठेवायचं काम तुम्ही घेऊ शकता. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं राहत नाही. खिडकीत, चुलीजवळ, उन्हात उभ्या गाडीत बाटली ठेवायची नाही. फ्रीज नसेल, किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर मातीच्या मडक्याची जुनी युक्ती आहेच. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, आणि लहान मडक्यात कोरड्या डबीत बाटली. वाळूतलं पाणी उडून जाताना गारवा देतं. मडकं सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवायचं आणि वाळू ओली राखायची. किती साधं!

आणखी एक. जे इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं, ते गढूळ दिसलं किंवा त्यात कण दिसले, तर ते वापरायचं नाही, लगेच मोठ्यांना दाखवायचं. काही इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, ते हलक्या हातानं हलवून एकसारखं करायचं असतं. आपलं कोणतं, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

वर्गातल्या मित्रासाठी

तुमच्या वर्गात कुणी मधल्या सुट्टीत इंजेक्शन घेत असेल, तर त्याच्याभोवती घोळका करू नका. "तू लहानपणी फार गोळ्या-चॉकलेटं खाल्लीस म्हणून झालं," असं तर चुकूनही म्हणू नका. टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्यानं होत नाही. तो कुणाकडून कुणाला लागतही नाही. आपल्या मित्राची काहीच चूक नसते. फाटकावरच्या मामांची गफलत झालेली असते, एवढंच.

आणि हे पाठच करून ठेवा. खेळाच्या तासाला तो एकदम घामाघूम झाला, हातपाय थरथरले, चिडचिड करू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याची साखर उतरलेली असू शकते. त्याला बसवा आणि लगेच ग्लुकोज किंवा दोन-तीन चमचे साखर द्या. एकानं पळत जाऊन बाईंना किंवा सरांना सांगा. त्याला एकटं सोडू नका. पण तो शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ठसका लागून जीव घुसमटू शकतो. तेव्हा मोठ्या माणसांना हाक आणि थेट डॉक्टर!

आई-बाबांसाठी दोन ओळी

हा लेख मुलांबरोबर वाचणाऱ्या पालकांना मुद्दाम सांगते. प्रतिद्रव्यांची ही हकिकत वाचून कुणी मुलाचं इन्सुलिन कमी करण्याचा किंवा बंद करण्याचा विचारसुद्धा मनात आणू नये. "सुईची सवय लागते," "अमुक काढा घ्या, इन्सुलिन सुटेल," असं सांगणारे नातेवाईक आणि शेजारी गावोगाव भेटतात. टाइप १ मधुमेहाच्या मुलासाठी इन्सुलिन म्हणजे श्वास आहे. ते थांबलं तर काही दिवसांतच जिवाला धोका होतो. १९२२ च्या आधीचे आई-बाप ज्या औषधाची वाट पाहत बसले, ते आज आपल्या हातात आहे. टोचल्याजागी खाज, सूज, किंवा कारण न कळता साखरेचे मोठे चढउतार दिसले, तर वेळा आणि आकडे वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. उपाय बदलायचा तो त्यांच्या सल्ल्यानं.

डोकं चालवा!

मुलांनो, जाता जाता एक गणित. पोटातल्या पंपाच्या टाकीत १५ मिलिलिटर इन्सुलिन मावायचं. ते नेहमीच्यापेक्षा दाट, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असायचं. रुग्णाला रोज ४० युनिट लागत असतील, तर भरलेली टाकी किती दिवस पुरेल?

आता खरा प्रश्न. उत्तर काढलंत की तुमच्या लक्षात येईल, डॉक्टर तर टाकी रिकामी व्हायच्या कितीतरी आधी जुनं इन्सुलिन काढून नवं भरायचे. असं का बरं करत असतील? उत्तर याच लेखात आहे. शोधा, दोन-तीन ओळींत लिहा आणि आमच्याकडे पाठवा.

पुढच्या अंकात भेटूच. तोवर शिपाईमामांना माझा नमस्कार सांगा!